कॅम्पसचे वातावरण, महाविद्यालयाचे प्रशासन आणि विद्यार्थी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात प्रवेश घेताना अभ्यासक्रम, निकाल आणि शुल्क यांची चौकशी सगळेच करतात. कार्यालयाची खिडकी किती वाजता बंद होते, शेवटच्या तासानंतर बसायला जागा असते का, दिलेला अर्ज सापडत नसेल तर कोणाला विचारायचे, ही चौकशी मात्र प्रवेशानंतर आणि बहुधा अडचण आल्यावरच होते. या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींविषयी विद्यार्थी, पालक आणि महाविद्यालयांत काम करणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘कॅम्पसचे वातावरण’ म्हणजे नेमके काय? इमारती की माणसे?

दोन्ही, आणि त्यांच्या जोडीला वेळ. वाचनकक्ष कितीही प्रशस्त असला तरी तो संध्याकाळी पाचला बंद होत असेल, तर ज्याचे प्रात्यक्षिकच पाचला संपते त्याच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा असतो. म्हणून वातावरणाचा विचार करताना जागा कोणती, तिथे कोण भेटते आणि ती केव्हा व कोणासाठी खुली असते, हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारावे लागतात. झाडाखालचा बाक हा परिसराचा भाग वाटतो खरा, पण तो तिथे ठेवायचा की ‘मुले उगाच बसून राहतात’ म्हणून उचलून न्यायचा, हे कोणीतरी बैठकीत ठरवलेले असते. त्यामुळे वातावरण आणि प्रशासन हे दोन वेगळे विषय मानण्याची पद्धत सोयीची असली तरी फारशी खरी नाही.

शिकवणे चांगले असले की पुरे नाही का? प्रशासनाला एवढे महत्त्व कशासाठी?

शिकवण्याला पर्याय नाही, हे आधीच मान्य करू. पण विद्यार्थी शिक्षण मध्येच का सोडतात याचा अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात फार पूर्वी आले की गुण कमी पडणे हे त्यामागचे एकमेव कारण नसते. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रारूपात विद्यार्थी टिकून राहतो तो दोन धाग्यांमुळे: एक धागा अभ्यासाशी जोडलेला आणि दुसरा तिथल्या माणसांशी. यांतला एक तुटला तरी दुसरा काही काळ तग धरतो. दोन्ही सैल झाले की विद्यार्थी हळूहळू दिसेनासा होतो. अलेक्झांडर अॅस्टिन यांनी १९८४ मध्ये हाच विषय वेगळ्या बाजूने मांडला. विद्यार्थी आपल्या शिक्षणात किती शारीरिक आणि मानसिक शक्ती घालतो यावर त्याला त्यातून काय मिळते हे अवलंबून असते, आणि संस्थेच्या कोणत्याही धोरणाची कसोटी ते धोरण हा सहभाग वाढवते की घटवते हीच असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

आता या शक्तीचा हिशेब मांडून पाहावा. विद्यार्थ्याजवळ दिवसाला ठरावीकच तास असतात. त्यांतले दोन तास एका सहीसाठी तीन मजले चढण्यात गेले, तर ते अभ्यासातून तरी वजा होतात, झोपेतून तरी, नाहीतर कमाईतून. प्रशासन शिकवत नाही, पण शिकण्यासाठी किती वेळ उरेल हे ते ठरवते.

कागदपत्रांचा त्रास सगळ्यांनाच होतो. तो एवढा निर्णायक असतो का?

असतो, आणि याचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा उपलब्ध आहे. एरिक बेटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे उच्च शिक्षणासाठी सरकारी आर्थिक मदत हवी असेल तर एक लांबलचक अर्ज भरावा लागतो. कर सल्लागाराच्या कार्यालयात आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींचा हा अर्ज, करासाठी आधीच दिलेल्या माहितीच्या आधारे, तिथल्या तिथे भरून देण्यात आला. दुसऱ्या एका गटाला किती मदत मिळू शकेल याचा अंदाज सांगितला, पण अर्ज भरून दिला नाही. पहिल्या गटातल्या शालेय विद्यार्थ्यांपैकी पुढच्या तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. नुसती माहिती मिळालेल्या गटात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

मदतीची रक्कम तीच होती, पात्रतेच्या अटी त्याच होत्या, मुलांची हुशारीही तीच होती. मध्ये होता तो फक्त अर्ज. ‘ज्याला खरी गरज असेल तो भरेलच’ हे वाक्य कार्यालयांतून वारंवार ऐकू येते. या प्रयोगानंतर ते फार विश्वासाने म्हणता येत नाही. आणि ‘आम्ही माहितीपत्रक काढले होते’ या खुलाशालाही फारसा अर्थ उरत नाही.

हा त्रास नेमका कशाचा असतो? रांगेचा?

रांग ही त्यातली दिसणारी बाजू. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान यांनी २०१८ मध्ये प्रशासकीय ओझ्याचे तीन भाग सांगितले: काय करायचे आहे हे शोधून काढण्याचा खर्च, ते प्रत्यक्ष करण्याचा खर्च आणि ते करताना सोसाव्या लागणाऱ्या मनस्तापाचा किंवा अवहेलनेचा खर्च.

एक साधे उदाहरण जवळून पाहू. एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीसाठी बोनाफाईड दाखला हवा आहे. फलकावर ‘दाखल्यासाठी विहित नमुन्यात अर्ज करावा’ एवढेच लिहिले आहे. विहित नमुना कोठे मिळतो हे लिहिलेले नाही. ती खिडकीवर विचारते, तिथून तिला झेरॉक्सच्या दुकानात पाठवले जाते. अर्जावर विभागप्रमुखांची सही लागते, विभागप्रमुख परीक्षेच्या कामावर गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी सही मिळते, तर कार्यालयात सांगतात की शुल्क भरल्याची पावती जोडलेली नाही. ती पावती याच कार्यालयाने, याच खिडकीवरून दिलेली असते आणि तिची स्थळप्रत आतल्या कपाटात असते. तिसऱ्या दिवशी ती पावती घेऊन येते तेव्हा ‘दाखले फक्त सोमवारी आणि गुरुवारी’ असे कळते. त्या दिवशी बुधवार असतो. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपते.

यात कोणीही नियमाविरुद्ध वागलेले नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवे. प्रत्येक पायरी कधीतरी कोणत्या तरी गैरप्रकाराला आळा घालण्यासाठीच आणली गेली असेल. पण सगळ्या पायऱ्या एका ओळीत मांडून विद्यार्थ्याच्या बाजूने कोणी चढून पाहिलेल्या नाहीत. शिवाय हे ओझे सगळ्यांना सारखे नसते. जिच्या घरात कोणी आधी महाविद्यालयात शिकलेले आहे, तिला पहिल्याच दिवशी ‘पावती बरोबर ठेव आणि वार विचारून जा’ असा सल्ला मिळतो. जिच्या घरातली ती पहिलीच आहे, तिला हे स्वतःच्या खर्चाने शिकावे लागते, आणि बहुतेकदा ती चूक आपलीच समजते.

खिडकीवरचा कर्मचारी तुसडेपणाने वागला, तर दोष त्याचा की संस्थेचा?

वागणुकीची जबाबदारी त्याची आहेच. तरीही मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये मांडलेला मुद्दा येथे ध्यानात घ्यावा: नागरिकांशी थेट गाठ पडणारा कर्मचारी जे निर्णय घेतो तेच व्यवहारात धोरण ठरते, आणि काम अफाट व साधने तुटपुंजी असली की तो स्वतःला वाचवण्यासाठी आडाखे बसवतो. ‘उद्या या’ हा असाच एक आडाखा. प्रवेशाच्या आठवड्यात शेकडो विद्यार्थ्यांना तोंड देणाऱ्या माणसाला अर्ज स्वीकारण्याचा अधिकार असतो, पण साध्या चुकीची दुरुस्ती करण्याचा अधिकार नसतो. शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात. त्याला छोट्या निर्णयांची मुभा आणि नकाराचे कारण लेखी देण्याची सवय, या दोन गोष्टी दिल्या तर सौजन्य सप्ताह साजरा करण्यापेक्षा जास्त उपयोग होईल, असे आमचे मत आहे.

इमारतीच्या रचनेचा मैत्रीवर परिणाम होतो हे जरा अतिशयोक्तीचे वाटते. खरे आहे का?

खरे आहे, आणि त्याचा अभ्यास विद्यार्थ्यांच्याच वसाहतींत झाला आहे. लिऑन फेस्टिंजर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या निवासांत कोणाची कोणाशी मैत्री होते हे पाहिले. हे काम १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. घरे विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेली नव्हती, तरी मैत्री सर्वाधिक झाली ती शेजारच्या दाराशी, आणि दारांमधले अंतर वाढत गेले तशी ती कमी होत गेली. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही झाल्या, कारण वरची माणसे येता-जाता त्यांच्याच दारावरून जात. आवडीनिवडी जुळल्या म्हणून मैत्री झाली असे आपण नंतर सांगतो. आधी जिना असतो.

दुसरा अभ्यास वसतिगृहांचा आहे आणि तो प्रशासकांनी आवर्जून वाचावा असा आहे. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी सत्तरच्या दशकात दोन प्रकारच्या वसतिगृहांची तुलना केली. एकात लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या आणि तीसहून अधिक मुलांना मिळून एक स्नानगृह व एक बैठकीची खोली. दुसऱ्यात चार ते सहा जणांचे छोटे संच, प्रत्येक संचाची स्वतःची बैठक आणि स्नानगृह. माणशी जागा जवळपास सारखीच होती. तरीही लांब व्हरांड्यात राहणाऱ्यांना गर्दीचा जाच जास्त वाटे आणि ते इतरांना टाळू लागत. हा स्वभाव ते वसतिगृहाबाहेरही घेऊन जात, अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत वाट पाहायला बसवले तर त्याच्यापासून दूर बसत. कारण असे की लांब व्हरांड्यात आपल्याला कोण, केव्हा भेटणार यावर आपला ताबाच राहत नाही.

पुढे १९८० मध्ये बॉम आणि ग्लेन डेव्हिस यांनी अशाच एका व्हरांड्याच्या मधल्या खोल्यांची बैठक केली, दारे बसवली आणि एका लांब व्हरांड्याचे दोन आखूड व्हरांडे केले. तेवढ्याने तिथल्या मुलांची गर्दीची तक्रार कमी झाली आणि आपापसातली घसट वाढली. नवी इमारत बांधावी लागली नाही.

मग वसतिगृहात राहणे घरून ये-जा करण्यापेक्षा नेहमीच चांगले का?

अॅस्टिन यांच्या अभ्यासांत वसतिगृहात राहणारे विद्यार्थी शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता अधिक दिसली होती, आणि ते समजण्यासारखे आहे: जो तिथेच राहतो तो शेवटच्या तासानंतरच्या सगळ्या गोष्टींत आपोआप असतो. पण यावरून ये-जा करणाऱ्यांना उणे लेखणे चुकीचे ठरेल. जगभरात मोठ्या संख्येने विद्यार्थी घरूनच येतात, अनेक जण नोकरी सांभाळून येतात, आणि त्यांना कॅम्पस परका वाटतो तो ते घरी राहतात म्हणून नव्हे, तर कॅम्पसची आखणीच त्यांना गृहीत न धरता झालेली असते म्हणून. दोन तासांच्या मध्ये तीन तासांची पोकळी असेल तर बसायचे कोठे, डबा कोठे खायचा, जड पुस्तके आणि प्रयोगशाळेचा कोट कोठे ठेवायचा? कुलूप लावता येईल असा एक खण आणि चार टेबले असलेली खोली, एवढ्याने त्यांचा दिवस बदलतो. बहुतेक स्नेहसंमेलने आणि व्याख्याने संध्याकाळी सहानंतर ठेवायची आणि नंतर ‘मुले सहभागी होत नाहीत’ अशी तक्रार करायची, हा प्रकार तर अगदीच विनोदी आहे.

खोलीतला जोडीदार प्रशासनाने ठरवावा की विद्यार्थ्याने निवडावा?

ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातली, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटपाने ठरलेल्या जोड्यांची माहिती तपासली, तेव्हा जोडीदाराचा परिणाम गुणांवर आणि कोणत्या मंडळात सामील व्हायचे यावर दिसला, पण मुख्य विषयाच्या निवडीवर दिसला नाही. पहिल्या वर्षी मिसळ करणारे वाटप आणि पुढच्या वर्षांत निवडीचे स्वातंत्र्य हा मार्ग आम्हाला योग्य वाटतो. मात्र छळ किंवा असुरक्षितता असेल तर वर्ष संपण्याची वाट न पाहता खोली बदलून मिळाली पाहिजे.

‘मी या जागेचा नाही’ असे पहिल्या सत्रात वाटत राहते. हे लक्षण काळजीचे आहे का?

ही भावना इतकी सार्वत्रिक आहे की ती न वाटणारे विद्यार्थीच थोडे निघतील. अडचण अशी की प्रत्येकाला ती आपल्या एकट्याचीच वाटते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, आधीच्या तुकड्यांतल्या मुलांनाही सुरुवातीला असेच परके वाटले होते आणि पुढे ते ओसरले, हे त्यांच्याच अनुभवांतून वाचायला दिले आणि त्यावर स्वतः लिहायला सांगितले. हे सारे सुमारे तासाभरात आटोपले. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण उंचावले आणि त्यांच्या व गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतली तफावत निम्म्यावर आली.

एका तासाने एवढे होत असेल तर बाकी सगळे कशाला, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या संस्थेत नाव, भाषा किंवा जात-वर्ण पाहून वागणूक बदलते तिथे ‘हे ओसरेल’ असे सांगणे ही फसवणूक होईल. परके वाटणे ओसरण्यासाठी ती जागा खरोखर परकी नसावी लागते. विद्यार्थ्याने एवढे मात्र करावे की पहिल्याच सत्रात हा निवाडा देऊन टाकू नये. आणि झोप, जेवण किंवा वर्गात जाणेच बंद पडू लागले, तर समुपदेशकाकडे किंवा विश्वासातल्या शिक्षकाकडे जाण्यास उशीर करू नये.

सकाळी सातचा तास योग्य आहे का?

अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत तासांचे वाटप विद्यार्थ्याच्या हाती नसते, म्हणून तिथला अभ्यास विश्वसनीय मानला जातो. २०११ मधल्या त्या अभ्यासात आठच्या आधीचा पहिला तास ज्यांच्या वाट्याला आला त्यांची कामगिरी त्या दिवसाच्या सगळ्याच विषयांत खालावलेली दिसली, फक्त पहिल्या तासाच्या विषयात नव्हे. वर्गखोल्या कमी असल्यामुळे सत्रे पाडावी लागतात हे खरे, पण मग निदान अवघड विषय पहाटे लावू नयेत.

शिस्तीचे नियम किती कडक असावेत?

महाविद्यालय पालकाच्या जागी आहे, ही कल्पना दीर्घकाळ गृहीत धरली जात होती. अमेरिकेत तिला मोठा तडा गेला तो १९६१ मध्ये. अलाबामातल्या एका सरकारी महाविद्यालयाने वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनात भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना काही एक न विचारता काढून टाकले होते. अपील न्यायालयाने सांगितले की सरकारी महाविद्यालयाला विद्यार्थ्याला काढण्यापूर्वी आरोपांची सूचना द्यावी लागेल आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल. आज हे उघड वाटते, तरी ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे तोंडी सांगण्याची पद्धत अनेक ठिकाणी अजून संपलेली नाही.

नियमांचे ओझे साठत जाते तेव्हा ठिणगी कोठे पडेल सांगता येत नाही. पॅरिसच्या कडेला १९६४ मध्ये सुरू झालेल्या नांतेर येथील विद्यापीठात सुरुवातीचा एक वाद मुलींच्या वसतिगृहात मुलांना जाण्याच्या बंदीचा होता. आजूबाजूला अर्धवट बांधकामे, शहरापासून तुटलेपणा आणि दाद न देणारे प्रशासन, अशा परिस्थितीत २२ मार्च १९६८ रोजी विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला, आणि मे महिन्यात ते लोण देशभर पसरले. वसतिगृहाच्या एका नियमाने फ्रान्स हादरला असे कोणी म्हणणार नाही. पण त्या नियमाविषयी समोर बसून बोलण्याची सोय नव्हती, हे त्या रागातले एक सरपण होतेच.

कडक आणि सैल हा भेद आम्हाला दुय्यम वाटतो. नियम लेखी आहे का, त्याचे कारण सांगितले आहे का, तो मुलामुलींना सारखा लागू आहे का आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची हे ठाऊक आहे का, हे आधी पाहावे. परतण्याची वेळ रात्री दहा असो वा अकरा, ती फक्त मुलींच्याच वसतिगृहाला असेल तर तिला सुरक्षिततेचा नियम म्हणणे कठीण आहे.

विद्यार्थी प्रतिनिधींना समित्यांवर घेऊन काही फरक पडतो का?

पडू शकतो, ही कल्पना नवी तर मुळीच नाही. मध्ययुगीन बोलोन्यात विद्यार्थ्यांचे संघच विद्यापीठ चालवत. प्रमुख ते निवडत आणि वेळ न पाळणाऱ्या अध्यापकांना दंड करत. इतक्या टोकाला जायला आज कोणी सांगत नाही (अध्यापकांना हायसे वाटावे). १९१८ मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा येथे विद्यार्थ्यांनी केलेल्या चळवळीनंतर विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा वाटा असावा हे तत्त्व लॅटिन अमेरिकेत दूरवर रुजले.

प्रत्यक्षात बऱ्याच समित्यांवर प्रतिनिधी असतो तो छायाचित्रापुरता. ओळखायची खूण सोपी आहे: बैठकीची विषयपत्रिका त्याला अगोदर मिळते का, आणि गेल्या वर्षभरात त्याच्या सूचनेमुळे बदललेला एक तरी निर्णय इतिवृत्तात सापडतो का. दोन्हींचे उत्तर नाही असेल, तर ते प्रतिनिधित्व नाही, उपस्थिती आहे.

सगळे ऑनलाइन झाले की हे प्रश्न सुटतील ना?

काही सुटतात. रांग जाते, पावती हरवत नाही, आपला अर्ज कोणाच्या टेबलावर पडून आहे हे दिसते. पण जुनीच प्रक्रिया जशीच्या तशी पोर्टलवर चढवली तर खिडकीवरची अडचण पडद्यावर येते एवढेच. शिवाय खिडकीत निदान माणूस तरी असतो, ज्याला ‘साहेब, नाव चुकलंय, एवढं बघा ना’ असे म्हणता येते. ‘सत्र कालबाह्य झाले’ या ओळीपुढे विनवणी चालत नाही. अर्ज छापून काढा, सही घ्या, स्कॅन करा, पुन्हा चढवा आणि मग मूळ प्रत कार्यालयात जमा करा, अशी ‘कागदविरहित’ व्यवस्था असेल तर तिच्यापेक्षा कागद बरा.

यंत्रणा नीट वापरली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. प्रवेश निश्चित केलेले अनेक विद्यार्थी सुट्टीच्या महिन्यांत कागदपत्रांच्या जंजाळात गळतात, हे लक्षात घेऊन जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये त्यांच्या मोबाईलवर आठवण करून देणारी आणि प्रश्नांना तत्काळ उत्तरे देणारी संदेशसेवा सुरू केली. तिचा लाभ मिळालेल्यांत प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्के-बिंदूंनी अधिक राहिले. फरक असा की ती सेवा विद्यार्थ्याला शोधत येत होती. पोर्टलमध्ये विद्यार्थ्याला शोधत जावे लागते.

प्रशासनाला खरोखर सुधारणा करायची असेल तर सुरुवात कोठून करावी?

सुटे उपाय करण्यापेक्षा ते एकत्र करण्यापासून. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत एक कार्यक्रम सुरू केला. त्यात उरलेले शुल्क माफ, पुस्तकांची सोय, प्रवासाचा पास आणि वारंवार भेटणारा सल्लागार हे सगळे एकत्र मिळे, आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकावे अशी अट होती. एरवी एका सल्लागाराकडे सहाशे किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असत. येथे ६० ते ८० असत. पूर्वतयारीचे वर्ग आवश्यक असलेल्या, म्हणजे आधीच मागे पडलेल्या विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या मूल्यमापनात, तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्के आढळले. कार्यक्रमाबाहेरच्या तशाच विद्यार्थ्यांत ते २२ टक्के होते.

प्रवासाचा पास ही त्यातली वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट. पण तो दर महिन्याला सल्लागाराला भेटल्यावरच मिळे, त्यामुळे भेट चुकत नसे. पैसा, वेळ आणि माणूस या तिन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतवल्या होत्या. जिथे एवढी तरतूद नाही तिथेही एक काम विनाखर्च करता येते: कुलसचिवांनी किंवा प्राचार्यांनी ओळख न सांगता एका नवख्या विद्यार्थ्याबरोबर एक दाखला मिळवून दाखवावा, आणि जिथे जिथे थांबावे लागले ते लिहून काढावे.

समाधान सर्वेक्षणाचे अर्ज भरून काही होते का?

मागच्या सर्वेक्षणात काय सांगितले गेले आणि त्यावर काय केले हे फलकावर लागले असेल, तर भरावा. लागले नसेल तर तसे त्यातच लिहावे.

प्रवेशापूर्वी कॅम्पस पाहायला गेल्यावर काय पाहावे?

माहितीपत्रकात सभागृह आणि प्रवेशद्वार दिसतेच, त्यामुळे ते पाहण्यात वेळ घालवू नये. कामाच्या दिवशी दुपारी जावे. सूचनाफलकावरची सर्वांत जुनी सूचना केव्हाची आहे ते पाहावे. दोन वर्षांपूर्वीचे परीक्षेचे वेळापत्रक अजून लटकत असेल तर त्यावरून बरेच कळते. स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, उतार आणि लिफ्ट यांची अवस्था पाहावी, आणि लिफ्टवर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ असे लिहिले आहे का हेही. शेवटचा तास संपल्यावर मुले लगबगीने बाहेर पडतात की रेंगाळतात? शिक्षकांच्या खोलीचे दार उघडे असते का, आणि आत विद्यार्थी बसलेले दिसतात का? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला ‘कॉलेज कसे आहे?’ असे विचारू नये, त्याचे उत्तर ‘चांगले आहे’ असेच येते. ‘गुणपत्रिकेत नाव चुकले तर किती दिवसांत दुरुस्त होते?’ असे विचारावे.

तक्रार करायची असेल तर ती कशी मांडावी, म्हणजे तिची दखल घेतली जाईल?

तोंडी तक्रार सांगणाऱ्याबरोबरच निघून जाते, म्हणून ती लेखीच द्यावी. पत्र एका पानाचे असावे. घडले ते तारखांसह क्रमाने लिहावे, कोणत्या नियमाचा किंवा सूचनेचा आधार आहे तो नमूद करावा आणि शेवटी नेमके काय हवे ते एका वाक्यात मागावे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहिले की योग्य काय ते समोरचा ठरवतो आणि बहुधा काहीच ठरवत नाही. पत्र आवक विभागात द्यावे, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ई-मेलने पाठवले असेल तर संबंधित अधिकाऱ्याबरोबर त्याच्या वरिष्ठांनाही प्रत द्यावी.

अनेकांची अडचण एकच असेल तर सह्यांचे निवेदन द्यावे, मात्र त्याबरोबर दोन-तीन जणांच्या अनुभवाचा तपशील जोडावा, कारण नुसत्या सह्यांपेक्षा तपशील टाळणे अवघड जाते. भेदभाव, रॅगिंग किंवा लैंगिक छळाची तक्रार सर्वसाधारण अर्जाच्या वाटेने नेऊ नये. तिच्यासाठी वेगळी समिती आणि गोपनीयतेचे नियम असतात, त्या समितीच्या सदस्याकडे थेट जावे आणि संदेश, छायाचित्रे, तारखा असे जे काही हाताशी असेल ते जपून ठेवावे. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. त्यालाही उत्तर आले नाही, तर दोन्ही पत्रांच्या प्रती जोडून वरच्या अधिकाऱ्याकडे किंवा तक्रार निवारण समितीकडे जावे. तिथे पहिला प्रश्न ‘आधी कोणाला कळवले होते?’ हाच विचारला जातो.